गुडघ्याएवढ्या उंचीवर

भिंतीत खिळा ठोकायचा असला की लक्ष्मणभाऊ आधी जमिनीवर मांडी घालून बसत. बसल्या बसल्या हात पुढे करीत आणि बोट टेकेल तिथं कोळशानं खूण करीत. "बसून दिसते ना? मंग झालं."

एटापल्लीच्या आमच्या लाकडाच्या डेपोत एक शेड रिकामी असे. बाजाराच्या दिवशी भाऊ तिथं लोकांच्या हातच्या वस्तू मांडीत. बांबूच्या टोपल्या, भोपळ्याचे तुंबे, माडिया आदिवासींचे कोरीव लाकडी कंगवे. सगळं गावोगावी पायी फिरून मागून आणलेलं. नियम दोनच. वस्तूपाशी तिचं माणूस बसलं पाहिजे, आणि कुणी हात लावला तर रागवायचं नाही. "मोडलं त नवं करू."

शेडची किल्ली माझ्याकडे. सातवीतून शाळा सोडून रत्नागिरीकडून इतक्या लांब आलेल्या मला ही रखवालदारी भाऊंच्याच शब्दावर मिळाली होती. त्यांना नाही म्हणवेना. डेपोच्या साहेबांना मात्र विचारलेलं नव्हतं, म्हणून दर बाजाराला माझा एक डोळा रस्त्यावर.

एकदा चांद्याहून साहेब आलेच. ही टांगायची कुठली पद्धत, म्हणाले, आणि शेड उघडली कोणी? गेली नोकरी, असं धरून मी उभा. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, उभ्यानं नाई दिसत. बसा ना."

साहेब अवघडत पाटावर बसले. कंगवेवाल्या म्हाताऱ्यानं आपलं काम दाखवायचं म्हणून त्यांची टोपी काढली. खाली टक्कल. म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि कानामागचे चार केस नीट विंचरून दिले. शेडमध्ये कोणी हसेना. साहेबांनी कंगवा उलटसुलट पाहिला, कोरायला किती दिवस लागतात ते विचारलं, आणि उठताना मला म्हणाले, बाजारापुरती उघडत जा.

संध्याकाळी ज्याची वस्तू त्यानं नेली. भाऊ मोकळ्या भिंतीसमोर बसून होते. मी विचारलं, "भाऊ, तुमच्या घरचं काहीच काऊन नाई टांगत?" त्यांची बोली एव्हाना माझ्या तोंडी बसली होती.

"माही बायको सुपं विने," ते म्हणाले. "पाय गेल्ते तिचे. एकडाव जत्रेत पाठीवर नेलं, दुकानाइसमोर बसवलं. दिवसभर लोकाइच्या पाठीच पाह्यल्या तिनं."

तिचं एकही सूप आता उरलं नव्हतं. पाखडून पाखडून झिजली सगळी.

पुढच्या बाजाराला मी जमिनीवर बसून हात पुढे केला आणि एक जास्तीचा खिळा ठोकला. रिकामाच. भाऊंनी तो पाहिला आणि पाट तिथं सरकवला. आलेल्या बाया विचारत, इथी काय आहे? खिळ्यापाशी बसून भाऊ दिवसभर तिच्या सुपांचं सांगत होते.