तीन घासांची पंगत

माणिकराव हळदीच्या वाटीत जेवत. तिखट-मिठाच्या डब्यात हळदीसाठी जी इवलीशी स्टीलची वाटी असते, तीत. वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करून ते नागपूरहून मंगरूळपीरला परतले, तेव्हा आहाराच्या मॅडमनी लिहून दिलेल्या मापाचं भांडं शोधायला त्यांनी अख्खं स्वयंपाकघर उपसलं. पण एकशे अडतीस किलोच्या माणसाच्या घरात लहान भांडं येणार कुठून? शेवटी बायकोच्या, बेबीताईंच्या डब्यातली हळद कागदाच्या पुडीत गेली आणि वाटी ताटात आली. बेबीताईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे हरकत कोणी घेतली नाही.

नियम साधे होते. एक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवणाला अर्धा तास लावायचा आणि पोट भरल्याची खूण मिळाली की थांबायचं. खूण ज्याची त्याची वेगळी. कोणाचं नाक वाहतं, कोणाला शिंक येते. माणिकरावांना उचकी लागे. साठ वर्षं ज्या पोटाने कधी तक्रार केली नव्हती, ते आता वाटी संपायच्या आत टण्णकन एक बेल मारून गाडी थांबवी.

भुकेचा त्रास नव्हता. त्रास निराळाच होता. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करताना माणिकरावांनी तिकिटं फाडली त्याहून जास्त पंगती गाजवल्या होत्या. ते जेवायला बसले की आचारी झाऱ्या खाली ठेवून बघायला येई. लग्नसराईत पत्रिका ठेवायला घरात जागा पुरत नसे. ऑपरेशननंतर आठ महिन्यांत एकही आली नाही. लोक वाईट नव्हते. “त्यायले पथ्य हाय, कायले बोलावून जीव जाळता?” असं एकमेकांना समजावून मोठ्या मायेने ते माणिकरावांना वगळत. एक्कावन्न किलो वजन गेलं, आणि जाताना सगळी माणसं सोबत घेऊन गेलं. आता ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसून जेवत आणि चावणं मोठ्याने मोजत. दिवसभरात घरात ऐकू येणारा माणसाचा आवाज तेवढाच.

अशात डेपोच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊसिंगचा मेसेज आला. भाऊसिंग त्यांचा जुना ड्रायव्हर. आसेगावच्या शेतात बोअरला पाणी लागलं म्हणून त्याने नवसाचं रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं, ‘सर्वांनी यावे’. ग्रुपवर एकशे त्रेचाळीस माणसं होती. माणिकरावांनी तो मेसेज फक्त आपल्याला आला आहे असं धरून अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं, ‘नक्की येतो.’

लगेच भाऊसिंगचा फोन. “माणिकराव, तुमी खरंच येऊन राह्यले? अन् पथ्याचं काय?”

“कायचं पथ्य? डॉक्टरनं सारं खुलं केलं.”

“म्हंजे खाणं पयल्यासारखं?”

इथे माणिकरावांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण त्यांचा आवाज ऐकून कोणी इतकं खूश झाल्याला आठ महिने झाले होते.

“पयल्यासारखं,” ते म्हणाले.

“वा रे पठ्ठे! हेमसिंग, अरे कणीक वाढव! माणिकराव येऊन राह्यले!”

शेतात पोचल्याबरोबर डेपोतल्या देवानंद मेकॅनिकने त्यांना सगळीकडून न्याहाळलं. “काहो कंडक्टर, अर्धे कुठं उतरवून आले?” लोक हसले, माणिकरावही हसले. कोणीतरी चेष्टा केली, हेही बऱ्याच दिवसांनी होत होतं. आज काही झालं तरी आपण खात नाही हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. कळलं, की हे आमंत्रण शेवटचं.

पहिल्याच पंगतीला त्यांना मानाने बसवलं. डावीकडे भाऊसिंगची मावशी सोजरबाई होती. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात एकही नाही. प्रत्येकाच्या पानात दोन रोडगे आले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, मुठीएवढे, घट्ट. ते चुरायचे, वर तूप, वरण, वांग्याची भाजी. भरली एसटी एका नजरेत मोजणाऱ्या माणिकरावांनी अंदाज घेतला. एक रोडगा म्हणजे हळदीच्या तीन वाट्या. पानात त्यांची दोन दिवसांची सोय झाली होती.

पहिला घास पंचवीस वेळा. दुसरा पंचवीस वेळा. तिसरा गिळला आणि उचकी लागली.

“कोणीतरी आठवण काढून राह्यलं, भौ!” वाढायला असलेला भाऊसिंगचा धाकटा भाऊ हेमसिंग म्हणाला.

माणिकराव कसंनुसं हसले. आठवण काढील असं एकही नाव त्यांना सुचलं नाही. पोट भरलं होतं, एवढाच त्या उचकीचा अर्थ.

मग त्यांनी तोंड चालू ठेवलं आणि हातही. चुरलेला रोडगा ते उजवीकडून डावीकडे नेत, त्याचा डोंगर करत, मोडत, बोटं तोंडाशी नेत आणि रिकामीच परत आणत. पण पंगतीचे कायदे असतात. चालता हात दिसला की वाढणाऱ्याने वाढायचं, हा पहिला. हेमसिंगने तिसरा रोडगा टाकला. माणिकरावांनी तो अलगद डाव्या पानाकडे सरकवला. सोजरबाईने वर न बघता तो ओढून घेतला. चौथा आला, तोही गेला, आणि मग पाचवाही. म्हातारीच्या पानाकडे बघतं कोण?

दुसरा कायदा असा, की पंगत बसते एकत्र आणि उठते एकत्र. शेवटच्या माणसाचा हात थांबेपर्यंत कोणी हलायचं नाही. वीस मिनिटांत सगळ्यांचं आटोपलं. हातावरचं वरण वाळलं. पाय मुंग्यांनी भरले. दुसरी पंगत बांधावर ताटकळत उभी राहिली. तरी कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पूर्वीही माणिकरावांसाठी पंगत अशीच खोळंबायची.

“कंडक्टरचं चालूच हाय!”

“पाचवा हाय बावा, पाचवा!”

“मी म्हणत होतो ना, माणूस बारीक झाला, भूक नाई झाली!” तुपाचं भांडं घेऊन भाऊसिंग अभिमानाने म्हणाला.

देवानंदने मोबाईल काढला, मजेत व्हिडिओ केला आणि पुण्याला माणिकरावांच्या मुलीला, धम्मदीपाला पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘ताई, बाबा एकदम फिट. पाच रोडगे.’

दोन मिनिटांत माणिकरावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने उचलला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोनचा आवाज बैलजोडी बिचकेल इतका मोठा होता.

“बाबा! पाच रोडगे? पोट फुटल नं तुमचं! काहून असं करता? उलटी झाली का? मी निघते. आत्ताच निघते, सकाळपर्यंत पोचते!”

माणिकराव थबकले. दीपा ऑपरेशननंतर एकदाच आली होती, तीही दीड दिवस. आता नुसतं ‘हो’ म्हटलं की सकाळी दारात. ती येईल, रागावेल, चहा ठेवील, पंख्यावरची धूळ बघून पुन्हा रागावेल. एक शब्द बोलायचा होता. आणि सगळं शेत माना वळवून ऐकत होतं.

पलीकडे ती हुंदके द्यायला लागली.

“दीपा, रडू नको,” माणिकराव म्हणाले. “तीन घास खाल्ले मी. तीनच. बाकी खाल्ल्यासारखं केलं.”

“खरं सांगा.”

“तुह्या आईच्यान.”

तिने नाक ओढलं. “मग मी नको नं येऊ? ऑफिसात सुट्टीचं अवघड हाय.”

“कायले येतं? इथं सारं बरं हाय.”

फोन बंद झाला. भाऊसिंगने तुपाचं भांडं हळूच खाली ठेवलं.

“म्हंजे माणिकराव, पाऊण तास काय चालू होतं?”

“चावणं,” माणिकराव म्हणाले.

कोणी हसलं नाही, हेच वाईट होतं. “असू द्या, तब्येत पाह्यली पाय्जे,” कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं. माणिकरावांनी तो स्वर ओळखला. आठ महिने वगळणारी माया ती हीच. पंगत गुडघे धरून उठायला लागली. माणिकरावांनीही उठण्यासाठी डावा हात जमिनीला टेकला.

“कंडक्टर, बसा खाली,” शेजारून आवाज आला.

“झालं माह्यं, मावशी.”

“तुमचं तं कवाच झालं. तीन घासातच. मले का दिसत नाई? माह्यं कुठं झालं?” सोजरबाईने पान दाखवलं. वरणात भिजलेला अर्धा रोडगा शिल्लक होता. दोन खाऊन झाले होते, आणि दोन पदराच्या गाठीत दिसत होते. “वीस वर्सं झाले दात जाऊन. माहा एक रोडगा भिजत नाई तं पंगत उठते. बुढीसाठी कोण थांबते? समदे उठले का आपुनबी उठा, अन् घरी पाणी पेऊन पडा. सांगाव कोणाले? आज वीस वर्सांनी पंगतीत पोट भरून जेवून राह्यली मी.”

माणिकरावांनी तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं.

“मंगळवारी हेमसिंगच्या घरी बारसं हाय,” म्हातारी म्हणाली. “या. माह्या बाजूले बसा.”

“मावशी, मी खात नाई हो आता.”

“तुमाले खायले कोण बोलावून राह्यलं?” सोजरबाईने घास तोंडात घोळवला, सावकाश गिळला. “फक्त उठू नका.”

माणिकरावांनी जमिनीवर टेकलेला हात उचलून मांडीवर घेतला, आणि उजवा पुन्हा पानात घातला. अर्धवट उठलेली पंगत कंबर धरून, पुटपुटत, एकेक करत परत खाली बसली.