बिंदूअण्णांचा मोत्या

बिंदूअण्णा माणसांची चौकशी करत नसत. रस्त्यात भेटलात की ते आधी तुमच्या पायांकडे बघत. पायांशी कुत्रं असलं तर थांबत, नसलं तर पुढे चालू लागत. थांबले तरी नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, एकच प्रश्न: "नाक ओलं आहे का?"

हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मला हा प्रश्न विचारला गेला. मला सडकून सर्दी झाली होती. दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवर आधी छत्रीची मूठ उगवली, मग टक्कल, मग चष्मा.

"नाक ओलं आहे का?"

"हो, कालपासून," मी रुमाल दाखवून म्हणालो.

"उत्तम. आणि जेवण?"

"जात नाही फारसं."

"अरेच्चा. मग बघायला पाहिजे. शेपूट हलवतो का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की विचारपूस माझी नसून पायरीवर झोपलेल्या पिल्लाची चाललीय. हे पिल्लू माझ्या बायकोनं, वसुधानं, तिच्या शाळेच्या आवारातून उचलून आणलेलं. रंग थेट धारवाडी पेढ्याचा, वरची साखर सांडल्यासारखी छातीवर पांढरी, म्हणून नाव पेढ्या. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मेलेल्या माणसांची माहिती माझ्याकडे भरपूर, जिवंत कुत्र्याची शून्य. त्यामुळे शेजारी असा जाणकार लाभला म्हणून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं जेमतेम चार दिवस टिकलं.

अण्णा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. लग्न राहून गेलेलं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण गोदक्का, दोघंच. गोदक्कांचं सोवळं, म्हणजे इकडची मडी, सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. मडीत असताना त्यांना वाऱ्यानं उडालेलं कागदाचं कपटं लागलं तरी पुन्हा अंघोळ. अशा घरात कुत्रं येणं सोडाच, कुत्र्याला शिवलेला माणूससुद्धा अंगावर चार तांबे घेतल्याशिवाय आत येऊ शकत नव्हता. म्हणून अण्णा त्यांच्या बाजूला एक घमेलं पालथं घालून त्यावर उभे राहत आणि भिंतीवरून वैद्यकी करत. कान तपासायचा असला तर छत्रीचं टोक पुढे करून तो उचलत. बाकी सगळं मी हात लावून सांगायचं. "हात तुमचे, डोकं माझं," असं ते म्हणत.

डोकं चांगलंच होतं, हे कबूल करायला हवं. गोचिड्या पाठीवर शोधू नका, बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत शोधा, हे त्यांनीच शिकवलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, झटकन जागेवर बसली नाही तर पाणी कमी पडतंय. दुपारी फिरायला न्यायच्या आधी डांबरावर उलटा हात ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो. कांदा नाही, कोंबडीचं शिजलेलं हाड नाही, आणि पिसाळण्यावरचं इंजेक्शन दर वर्षी न चुकता. "हिरडी बघा री, हिरडी! गुलाबी पाहिजे. हिरडी खोटं बोलत नाही." हे री म्हणजे कानडीतलं अहो.

घोटाळा वेगळाच होता. सोमवारी अण्णा सांगत, दिवसातून चार वेळा थोडं थोडं घाला. शुक्रवारी सांगत, एकदाच घाला, आणि तेही मऊ करून, त्याला चावत नाही. सात महिन्यांच्या पेढ्यानं माझी चप्पल नुकतीच टाचेपर्यंत संपवली होती, आणि याला चावत नाही! एकदा म्हणाले, आठवड्याला अंघोळ. पुढच्याच आठवड्यात म्हणाले, थंडीत अंघोळ कुणी सांगितली, त्याचे सांधे धरतील. वसुधानं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दोन रंगांनी लिहायला सुरुवात केली: निळ्या शाईनं काय करायचं ते, लाल शाईनं काय करायचं नाही ते. महिनाअखेर दोन्ही याद्या सारख्याच निघाल्या.

कळस म्हणजे, एका सकाळी घमेल्यावर चढून अण्णा गंभीरपणे म्हणाले, "कॅल्शियम वाढवा. नाहीतर दूध उतरायचं नाही."

"अण्णा, पेढ्या कुत्रा आहे. कुत्री नाही."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पेढ्याकडे वाकून पाहिलं. "हौदल्ल," म्हणाले, म्हणजे खरंच की. "असो. शास्त्र बदलतं हो."

शास्त्र बहुधा शुक्रवारी बदले, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. कारण गुरुवारी अण्णा घरी नसत. दर गुरुवारी सकाळची बस धरून ते हुबळीला जात. गोदक्कांना सांगत, दुर्गदबैलच्या बाजारातून वातींचा कापूस आणतो. आणतही. मला तेव्हा एवढंच वाटे की या घरात देव फार आहेत. वसुधा एकदा हळदीकुंकवाला जाऊन आली आणि म्हणाली, "अहो, त्यांच्या माळ्यावर कापूसच कापूस आहे. कॉलनीभर गाद्या भरता येतील."

अशी तीन वर्षं गेली. आम्ही गोंधळलेले होतो, पण पेढ्या ठणठणीत होता. आपल्या वैद्याचं ऐकायचं नाही हे त्याला आमच्याआधी समजलं असावं.

मग एका बुधवारी पेढ्यानं भाकरीकडे पाठ फिरवली. कोपऱ्यात जाऊन पडला, हाक मारली तर नुसतं शेपटीचं टोक हलवी. मी भिंतीशी जाऊन अण्णांना सांगितलं. "उद्या सांगतो," म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी बसमधून उतरले ते तडक भिंतीशी. "काळजीचं कारण नाही. पोट जड झालंय. दोन दिवस उपास घाला, नुसतं पाणी." ती रात्र आणि अख्खा शुक्रवार आम्ही इमानेइतबारे उपास घातला. शनिवारी सकाळी पेढ्याला उभं राहता येईना. मी त्याचा ओठ वर केला. हिरडी खडूसारखी पांढरी होती.

"हिरडी कशी आहे?" भिंतीवरून आवाज आला.

"पांढरी." मी रिक्षा बोलावून ठेवली होती, आणि एवढ्या वर्षांचा गोंधळ एकदम तोंडातून बाहेर पडला. "बस झालं तुमचं शास्त्र, अण्णा! उपाशी मारलंत त्याला."

अण्णांनी हुबळीतल्या कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांचा पत्ता सांगितला, आणि रिक्षा सुटता सुटता भिंतीवरून ओरडले, "माझं नाव सांगू नका हं!"

गोचिडीचा ताप निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हातचा गेला असता. आताही तीन दिवस रोज आणा, मग सांगतो. सुई पाहून मी डोळे मिटले होते, तेव्हा हेही म्हणाले, की उद्या धरायला कुणी धीराचा माणूस आणा. सगळं कानडीत चाललं होतं. मी मराठीत सांगतोय एवढंच.

कंपौंडर वयस्कर होते. नवा कागद घेऊन त्यांनी पत्ता विचारला. मी सांगितला, तशी त्यांची लेखणी थांबली.

"त्या क्रॉसमध्ये, त्या गल्लीत? मग मोत्या तुमच्या शेजारीच असेल. कुलकर्ण्यांचा."

"आमच्याकडे मोत्या नाही कुणी."

"बिंदुमाधव कुलकर्णी. छत्रीवाले," डॉक्टर वळून म्हणाले. "चार वर्षं मोत्याला औषध देतोय मी. अजून तोंड पाहिलं नाही त्याचं. दर गुरुवारी हे एकटेच येतात."

कंपौंडरनी कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी वाचू लागलो आणि मला गरगरायला लागलं. मोत्या, वय दीड वर्ष. पुढच्या गुरुवारी मोत्याचं वय अकरा, मागच्या पायांत संधिवात. पुढच्या महिन्यात दुधाचे दात पडताहेत. श्रावणात चार पिल्लं, सगळी सुखरूप. भाद्रपदात मोत्यानं पोस्टमनला चावलं.

"मी साहेबांना म्हणालो, नर की मादी ते तरी विचारा," कंपौंडर म्हणाले.

"विचारलं की," डॉक्टर म्हणाले. "तडीरी, थांबा जरा, बघून पुढल्या गुरुवारी सांगतो, म्हणाले."

त्या फाईलमध्ये आमचा पेढ्या होता. चप्पल खाल्ल्याची नोंद, नखाला लागल्याची नोंद, सगळी होती. कोपऱ्यावरच्या कंत्राटदाराचा टायगर होता, निवृत्त मास्तरांची म्हातारी चंपी होती. कॉलनीतली झाडून सगळी कुत्री एका मोत्यात कोंबली होती, आणि डॉक्टरांनी एकाला दिलेला सल्ला अण्णा दुसऱ्याच दारात पोचवत होते. शेवटची नोंद परवाच्या गुरुवारची होती. मोत्या मंगळवारी लग्नाच्या मांडवात भरपेट जेवला, बुधवारपासून मलूल पडून आहे. मांडवात जेवला तो टायगर. मलूल पडला तो पेढ्या. डॉक्टरांना दोघांचं मिळून एकच कुत्रं दिसलं, त्याला त्यांनी उपास सांगितला. यात त्यांचं काय चुकलं?

घरी येईपर्यंत मी भांडायची सगळी वाक्यं जुळवली होती. रिक्षा थांबली तर अण्णा आमच्या पायरीवर बसलेले. भिंतीच्या अलीकडे मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. छत्री मांडीवर आडवी धरलेली.

"वाचेल?"

"तीन दिवसांनी कळेल. अण्णा, मोत्या कोण?"

त्यांनी छत्रीचं बटण उघडलं, मिटलं. "पहिल्यांदा गेलो ते बसस्टॉपवरच्या एका लंगड्या कुत्र्यासाठी. ते कंपौंडर म्हणाले, कुत्रं कुणाचं? कागदावर मालक लागतो म्हणे. माझं म्हणून गेलो बघा. नाव विचारलं, तर मोत्या म्हणालो. लहानपणी ठरवून ठेवलेलं नाव होतं हो, कुत्रं कुणी घरात घेऊ दिलं नाही. पुढल्या गुरुवारी दुसऱ्याच कुत्र्याचं विचारायला गेलो, तर ते आपण होऊन म्हणतात, काय री, तुमचा मोत्या कसा आहे?" अण्णांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं नोकरी केली. घरी माझं म्हणून कुणी आहे, ते कसं आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. मग मोत्या नाही म्हणून सांगवेना. आणि त्यापायी तुमचं पोर मरायला टाकलं मी. शिव्या घाला की मला."

मला त्यांचा राग आला होता, आणि आता त्याहून जास्त रडू येत होतं. मी एवढंच म्हणालो, "उद्या धरायला माणूस हवाय. वसुधाला माहेरी जायचंय." वसुधाला कुठेही जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात अण्णा एका टोकाला अंग चोरून बसले, मध्ये छत्री उभी केली. नवनगरच्या अलीकडे खड्डा आला, छत्री पडली आणि पेढ्याचं डोकं अण्णांच्या मांडीवर. अण्णांनी दोन्ही हात वर केले. असे वर, की मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला वाटावं, रिक्षात दरोडा पडलाय. नवनगर गेलं तरी हात वर. उणकलचं तळं आलं तेव्हा मी मुद्दाम पाण्याकडे बघत बसलो. वळून पाहिलं तेव्हा एक हात पेढ्याच्या कपाळावर होता आणि अण्णा त्याच्या कानामागे बोट फिरवत होते.

दवाखान्यात कंपौंडरनी पेढ्याचा कागद काढला, मालक म्हणून माझं नाव वाचलं. मग अण्णांकडे बघून, काल माझ्याकडून सगळं कळलेलं असूनसुद्धा, दर गुरुवारच्या आवाजात म्हणाले, "काय री, तुमचा मोत्या कसा आहे?" अण्णांनी मान हलवली आणि पेढ्याचा पाय घट्ट धरला. सुई टोचली तेव्हा डोळे मी मिटले, त्यांनी नाही.

तीन दिवस हेच चाललं. परत आलो की अण्णा आमच्या परसातल्या नळाखाली धोतरासकट अंघोळ करत, मगच घरी जात. तिसऱ्या दिवशी पेढ्यानं दहीभात चाटून पुसून संपवला. अण्णा नळाखाली बसले होते, एवढ्यात भिंतीपलीकडे घमेलं खरडल्याचा आवाज झाला. भिंतीवर एक पांढरं डोकं उगवलं. त्यानंतर कपाळ, त्यानंतर दोन डोळे. गोदक्का होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या भिंतीवरून कधी पाहिलं नव्हतं.

"बिंद्या," त्या म्हणाल्या, "चार वर्षं कापूस आणतोयस. एवढ्या वाती मी जाळू तरी कधी? गार पाण्यात बसू नकोस, छातीत कफ होईल. आपल्या न्हाणीघरात बंब पेटवलाय."

अण्णा डोक्यावर धार घेत तसेच बसून राहिले. गोदक्का उतरल्या नाहीत. घमेल्यावर तोल सावरत त्यांनी आमच्या पायरीवर निजलेल्या पेढ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"नाक ओलं आहे का रे त्याचं?"

"आहे, अक्का," अण्णा म्हणाले. "मी हात लावून बघितलं."