रफीकभाईंचं माप

आमच्या कंपनीत सगळे खिशाला पेन लावतात, रफीकभाई व्हर्नियर लावतात. चहाबरोबरचं बिस्कीटसुद्धा मोजतात. "वर्षा बेटा, आज अर्धा मिलिमीटर कमी हाय," म्हणतात आणि मगच खातात.

आमचं काम सर्किट बोर्ड आखायचं. बोर्डावर जो भाग बसवायचा, त्याच्या पायांची जागा आधी सॉफ्टवेअरमध्ये काढावी लागते. तिला फूटप्रिंट म्हणतात. इंटरनेटवर त्या तयार मिळतात, पण रफीकभाईंच्या लेखी तयार फूटप्रिंट म्हणजे उसनी चप्पल. "पाय कुणाचा, माप कुणाचं! नाय जमत."

नवी असताना मी एका कनेक्टरची तयार फूटप्रिंट उतरवून घेतली. पन्नास बोर्ड बनून आले आणि कनेक्टर एकातही बसेना. साहेब तापले. रफीकभाई म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं, साहेब." बाहेर आल्यावर मला पाऊण तास झापलं, ते वेगळं.

गेल्या हिवाळ्यात ते जेवणाच्या सुट्टीतही स्क्रीनला नाक लावून बसू लागले. टेबलावर व्हॉल्यूमचं एक जुनाट, गंजकं बटण. असलं बटण कंपनीच्या कुठल्याच कामात नव्हतं. त्याचे वाकडे पाय ते मोजायचे, चित्र कागदावर छापायचे, त्यावर बटण ठेवून बघायचे आणि सगळं खोडायचे. फाईलचं नाव होतं 'अम्मी'.

"हे कशाचं हो?"

"रेडिओचं. आतला बोर्ड जळाला. नवा करायलोय."

"मग नवा रेडिओच आणा की!"

"अम्मीला दिसत नाय आता. नव्याचं बटण कुठं, तिला काय ठाव? तिचा हात डावीकडंच जातो."

ईदला मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. 'दुरुस्तीला दिलाय' म्हणून त्यांनी अम्मीला दोन महिने थोपवलं होतं. रेडिओ त्याच सकाळी परत आला होता. अम्मी पलंगावर बसलेल्या. मला शीरखुर्मा देता देता रफीकभाई मध्येच थांबले. अम्मींनी हात लांबवला होता. बोटं जराही चाचपडली नाहीत, थेट बटणावर गेली. कट्! खोलीभर गाणं.

"देख बेटी," अम्मी मला म्हणाल्या, "जरा धूल झाडी, चालू! पुरानी चीजां ऐसी रहतीं. इस रफीक के नये बोर्डां-बिर्डां क्या टिकते!"

मी बोलायला तोंड उघडलं. रफीकभाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हौ अम्मी," ते म्हणाले. "बराबर बोलीं."