जावईबापूंची दाढी

लेकीचं, सावनीचं लग्न शनिवारी होतं आणि सोमवारी यामिनीने फर्मान काढलं. "दाढी जायलाच पाहिजे. मुंडावळ्या त्या दाढीत अडकल्या तर लोक काय म्हणतील?"

दाढी होणाऱ्या जावयाची, टेरन्सची. पण जावयाला तोंडावर सांगणार कोण? असली कामं त्या घरात नेहमीच तिच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या वाट्याला यायची.

"सावनीला सांग ना. तिचा होणारा नवरा आहे."

"ती मलाच लेक्चर देईल. तुम्ही त्याला गाडीत घाला आणि गुळगुळीत करून आणा!"

टेरन्स लगेच कबूल झाला. "मॉमची इच्छा आहे ना? डन, बाबा," म्हणाला आणि हसला. हात मात्र हनुवटीवर गेला तो तिथेच राहिला.

प्लेनफील्डला मिस्टर क्लाइडचं दुकान होतं. टेरन्सचे केस लहानपणापासून तोच कापायचा. खुर्च्यांवर बसलेली, टेरन्ससारखीच सगळी काळी मंडळी एकाच वेळी बोलत होती. शैलेंद्रने येण्याचं कारण सांगितलं आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"वस्तरा? या हनुवटीवर?" मिस्टर क्लाइडने कात्री खाली ठेवली. "साहेब, आमचे केस कुरळे. मुळापासून कापले की वाकून परत कातडीत घुसतात. ग्रॅज्युएशनला हा गुपचूप घरी दाढी करून गेला होता. दाखव रे फोटो."

फोटोत टेरन्सची हनुवटी आणि गळा फोडांनी भरला होता. शेवटी मिस्टर क्लाइडनेच त्याला स्किनच्या डॉक्टरकडे पिटाळलं होतं.

"मग तू हो का म्हणालास?" शैलेंद्रने विचारलं.

"मॉमचा पहिलाच हुकूम, बाबा. नाही कसं म्हणणार?"

शैलेंद्रला अगदी भरून आलं. एवढा समदुःखी माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. त्याने धीर करून यामिनीला व्हिडिओ कॉल लावला.

"आता बार्बर मला शिकवणार का?" यामिनी कडाडली.

"मॅडम, हा चार वर्षांचा होता तेव्हापासून याचं डोकं मी बघतोय," मिस्टर क्लाइड शांतपणे म्हणाला. "चट्टा उठो, केस गळोत, आधी मला दिसतं. वस्तरा लावणार नाही." आणि त्याने तो फोटो कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं बाई!" यामिनीचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे ती दाढी. आणि खबरदार, माझ्या जावयाला कोणी ब्लेड लावलंत तर!"

दुकानात टाळ्या पडल्या. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून शैलेंद्र निवांतपणे मिस्टर क्लाइडसमोरच्या रिकाम्या खुर्चीत टेकला. इथे तो चुकला.

"कॉलर खाली करा बघू. हे पुरळ कधीपासून?"

"ते... उन्हाळ्याचं."

"उन्हाळ्याचं नाही, रोज घोटून केलेल्या दाढीचं. दोन आठवडे ब्लेड बंद. नाही बसलं तर डॉक्टर गाठा."

"अहो, शनिवारी लग्न आहे!"

"तुमचं आहे का?"

शनिवारी सुबक कोरलेल्या दाढीत टेरन्स राजबिंडा दिसत होता. मुंडावळ्या कुठेही अडकल्या नाहीत. वधूपिता मात्र पांढरे खुंट वाढवून हिंडत होता, आणि मुलीच्या लग्नात बापाने दाढी केलेली नाही म्हटल्यावर पाहुण्यांनी काय ते ओळखलं. हर्नडनहून आलेल्या जगन्नाथ काकांनी त्याला बाजूला घेतलं.

"शैलेंद्र, मन घट्ट कर. मुलगा चांगला आहे म्हणतात. काळा-गोरा आजकाल कोण बघतो?"

"अहो, मी खूष आहे! मला बार्बरनेच सांगितलंय..."

"हो, हो. मुलीच्या बापाला असंच बोलावं लागतं," काकांनी डोळे पुसले.

तो हसून दाखवायला लागला तर लोकांना आणखीच गलबलून आलं. सांत्वनाला काकांची रीघ लागली. शेवटी यामिनीच चिडली. लग्नाला आलेल्या मिस्टर क्लाइडसमोर तिने सगळ्यांना नेऊन उभं केलं. "माझा जावई लाखात एक आहे! ह्यांच्या दाढीचं काय ते यांना विचारा!"

पण मिस्टर क्लाइडचं लक्ष भलतीकडेच होतं. त्याने चष्मा लावला आणि जगन्नाथ काकांचं टक्कल उजेडाकडे वळवलं. "ही खपली कधीपासून? सोमवारी डॉक्टरला दाखवा."

"माझंही जरा बघता का हो?" मागून कोणीतरी म्हणालं.

भटजींनी कन्यादानासाठी हाक मारली तेव्हा वधूपिता हसतमुखाने पुढे झाला. त्याचं सांत्वन करणारे सगळे काका मिस्टर क्लाइडसमोर माना खाली घालून रांगेत उभे होते.