मातृमनःशांती श्रेणीतला डोंगर

डोंगर हे मुळातच गैरसोयीचे असतात. ते उंच असतात, गार असतात आणि त्यांच्या कडेला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. डोंगर तयार झाले त्या काळात लहान मुलांच्या आयांचं मत घेण्याची पद्धत नव्हती, हे त्यांच्या रचनेकडे नुसतं बघितलं तरी कळतं. तरीही माणसं डोंगर बघायला जातात. का जातात यावर समाधानकारक संशोधन झालेलं नाही. आम्ही का गेलो, एवढं मात्र सांगता येईल.

आमची मुलगी चार वर्षांची आहे. घरात तिला मुंगी म्हणतात (साखर आणि चिकाटी, दोन्ही कारणांनी). चित्रांच्या पुस्तकात तिने डोंगर पाहिला आणि विचारलं, "बाबा, याला हात लावता येतो?"

नवरा दाढी करत होता. दाढी करताना माणूस बेसावध असतो. "येतो की," तो म्हणाला.

"कधी?"

"सुट्टीत."

झालं. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच, तोंडाला फेस असताना झालेले आहेत. त्या दिवसापासून मुंगीने दूधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला आणि चुकीच्या नंबरवर फोन केलेल्या एका बाईंना कळवून टाकलं, की मी डोंगराला हात लावणार आहे.

आता, गेल्या थंडीत तिची छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले, "खुशाल न्या. हवा चांगली असते. काही होत नाही." हे ते दुसऱ्याच पेशंटचा एक्स-रे उजेडात धरून म्हणाले. मी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं. तिघांचं एकमत झालं, तेव्हा माझी काळजी खरी वाढली. तिघंही एकाच वेळी चुकत असतील तर मग विचारायचं कुणाला?

म्हणून आम्ही सरळ सहलीच्या कंपनीत गेलो.

सदर कंपनी डोंगराळ देशातल्या आरामदायी, मार्गदर्शकासहित, जबाबदारीच्या सहली काढते. कार्यालयात गालिचा इतका मऊ होता, की चालताना आपण चालतो आहोत याचा पुरावा मिळत नव्हता. समोर सल्लागार मॅडम. त्यांच्या टेबलावर त्या देशाच्या सर्वांत उंच शिखराची प्लास्टरची प्रतिकृती, आणि तिच्या पायथ्याशी पाटी : कृपया हात लावू नये. मुंगी हात मागे बांधून त्या प्रतिकृतीसमोर उभी राहिली. अर्धा तास. तिला अजून वाचता येत नाही, त्यामुळे पाटी मी वाचून दाखवली होती.

"आमच्याकडे तीन श्रेणी आहेत," मॅडम म्हणाल्या. "आरामदायी, अतिआरामदायी आणि मातृमनःशांती."

"तिसरी म्हणजे?"

"आईला ज्या गोष्टीची काळजी वाटेल, ती गोष्ट आम्ही कार्यक्रमातून काढून टाकतो. कारण विचारत नाही."

लग्नाला सहा वर्षं झाली, पण इतकं समजून घेणारं वाक्य माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो गालिच्याकडे बघत होता.

मॅडमनी मग कंपनीच्या पाहणीचे निष्कर्ष सांगितले. डोंगर बघायला निघालेल्या शंभर कुटुंबांपैकी शहाण्णव कुटुंबं तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो गरम पाण्याचा. सहा कुटुंबं शिखराचं नाव विचारतात (बेरीज शंभराच्या वर जाते हे मी लक्षात आणून दिलं, दोन कुटुंबांनी दोन्ही प्रश्न एका दमात विचारले होते). सहल आवडली असं सांगणाऱ्या सगळ्यांनी कारण एकच दिलं, अगदी घरच्यासारखं वाटलं. थोडक्यात, लोकांना घरच हवं असतं, फक्त लांबचं. हे कंपनीने ओळखलं, म्हणून कंपनी मोठी झाली.

मग आम्ही कार्यक्रम हातात घेतला. घाटातली वळणं मला चालणार नव्हती, मुंगीला मळमळतं. वळणं काढण्यात आली. बोगद्यातून जायचं ठरलं. तारेवरून लोंबकळत वर जाणारी पेटी मी चित्रात बघितली. पेटी काढण्यात आली. तळ्याला कठडा आहे का? अर्धाच? तळं काढलं. बर्फात खेळण्याचा तास होता, तो काढताना मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. उंचीवर हवा विरळ होते, असं मी वाचलं होतं.

"मग मुक्काम खालीच ठेवू," मॅडम म्हणाल्या. "या श्रेणीत उंची ऐच्छिक असते."

"पण मग डोंगर..." नवरा म्हणाला. सहलीच्या आखणीतलं त्याचं हे एकमेव योगदान.

"डोंगर आहेच ना सर. तो कुठे जातो?"

शेवटी मी अनोळखी खोलीचा मुद्दा काढला. मुंगीला नव्या जागी झोप लागत नाही आणि झोप नाही झाली, की तिची छाती भरते. मॅडमचा चेहरा उजळला. पुढच्याच आठवड्यात दोन माणसं मोजपट्टी घेऊन आमच्या घरी आली. त्यांनी हॉल मोजला. सोफ्यावर नवरा बसतो तिथला खड्डा मोजला. दोनदा दाबल्यावरच लागणारं दिव्याचं बटण आणि दार उघडू नये म्हणून कपाटात खोचलेली कागदाची घडी, सगळ्याची नोंद झाली. खिडकीचा तपकिरी पडदा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. त्याची एक कडी तुटलेली आहे.

"ही तुटकीच ठेवायची ना, ताई?"

"तुटकीच," मी म्हटलं. एकदा आराम म्हटला, की तो अर्धवट करू नये.

सासूबाई सगळं बघत होत्या. "मग जायचंच कशाला म्हणते मी?" त्या म्हणाल्या. वडीलधारी माणसं मुद्द्यापासून भरकटतात, हे मला तेव्हाही जाणवलं.

प्रवास निर्विघ्न झाला. वर्णन करावं असं त्यात काहीच घडलं नाही, आणि ते घडू नये याचेच पैसे आम्ही भरले होते. विमानतळावरून बस निघाली. खिडक्यांना पडदे होते, कारण दरी दिसली की मुलांना गरगरतं. (मुलांना, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं.) मार्गदर्शक दादा गोड गळ्याचे. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "मंडळी, आपल्या डाव्या हाताला जगातलं एक अत्यंत रमणीय शिखर आहे. कृपया डावीकडे पाहू नये."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीने पडद्याकडे बोट केलं. "याच्या मागे आहे?"

"हो बाळा. याच्या बरोबर मागे," दादा म्हणाले.

हॉटेलची खोली उघडली, आणि खरं सांगते, माझा ऊर भरून आला. तोच सोफा, तोच खड्डा. नवरा जाऊन त्यात बसला आणि तंतोतंत मावला. सासूबाईंनी बटण दोनदा दाबलं. कपाटातली कागदाची घडीसुद्धा त्यांनी आमच्याच वर्तमानपत्राची आणली होती. मुंगी दारात थांबली. तिने बूट काढले, घरी ठेवते तसे दाराच्या डाव्या बाजूला ठेवले आणि विचारलं, "डोंगराला कधी जायचं?"

"अगं, आलो की आपण."

तिने खोलीभर बघितलं.

पुढचे दिवस अतिशय सुखात गेले. खोलीचं तापमान आमच्या घरच्या दुपारइतकं ठेवलेलं होतं. नवऱ्याने ऑफिसचं काम उरकलं. सासूबाईंनी शेजारच्या खोलीतल्या आजींशी मैत्री केली. त्या आजींची खोली त्यांच्या घरासारखी होती, त्यामुळे येणंजाणंही घरच्यासारखंच, चप्पल बाहेर काढून. मुंगी एकदाही शिंकली नाही. ती बहुतेक वेळ तपकिरी पडद्यासमोर बसून असायची. कधी त्याला कान लावायची. डोंगर आवाज करत नाही, असं मी तिला समजावलं.

"झोपलाय?" ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी सकाळी दादा धावतच आले. "ताई, आज आकाश इतकं स्वच्छ आहे! अख्खं शिखर दिसतंय, टोकापर्यंत. पडदा उघडू का? या श्रेणीत आईचा होकार लागतो. तुम्ही नुसतं हो म्हणा."

नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मुंगीने कुणाकडेच बघितलं नाही. ती उठून पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. कार्यालयात उभी होती तशीच, हात मागे बांधून.

मी म्हटलं, "हो."

माझ्यावर जे कुणी हसत असतील त्यांनी हे नीट वाचावं. मी हो म्हटलं.

"फक्त आधी टोपी," मी म्हटलं. काच गार असणार. टोपी घातली तर कान उघडे राहिले, म्हणून मफलर. मग दुसरा स्वेटर. तो बॅगेत तळाशी. हातमोज्यांचा एक मिळाला, एक मिळेना. तो सासूबाईंच्या पिशवीत निघाला. नाकाला मलम. उन्हाची तिरीप असेल म्हणून काळा चष्मा. मुंगी एखाद्या शहाण्या माणसासारखी उभी होती, सांगेल तो हात वर करत होती. "आता?" ती विचारायची. "आता बघ हं, झालंच," मी म्हणायचे.

"ताई..." दादा पडद्याच्या फटीतून बाहेर बघत म्हणाले.

"झालंच," मी म्हटलं आणि मोजे चढवले.

पडदा उघडला. बाहेर पांढरं होतं. वर, खाली, सगळीकडे पांढरं. ढग काचेला येऊन टेकला होता. मुंगीने हातमोजा घातलेला हात काचेवर ठेवला.

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी होतं हो," दादा म्हणाले, पण ते माइकशिवाय म्हणाले.

मी अभिप्राय लिहून दिला : अगदी घरच्यासारखं वाटलं.

परत आलो. मी दार उघडलं, नवरा खड्ड्यात बसला, सासूबाईंनी बटण दोनदा दाबलं. मुंगीने बूट डाव्या बाजूला ठेवले आणि आत गेली. बराच वेळ तिचा आवाज नाही म्हणून मी बघायला गेले (मूल शांत असलं की आधी बघून यावं). तिने बॅगेतून सगळं स्वतःच उपसून काढलं होतं. टोपी, मफलर, दोन स्वेटर, उलटसुलट चढवलेले हातमोजे, नाकावर मलमाचा गोळा, काळा चष्मा. भर उकाड्यात ती तपकिरी पडद्यासमोर उभी होती, घामाने निथळत.

"आई, मी सगळं घातलंय," ती म्हणाली. "आता पटकन उघड."

आमच्या त्या पडद्यामागे समोरच्या इमारतीची भिंत आहे, भिंतीवरून उतरलेला सांडपाण्याचा पाइप आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मोडका कूलर आहे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी करायला हवं होतं, आणि तेही त्याच क्षणी.

मी म्हटलं, "थांब, मोजे राहिले."

ती लगेच खाली बसली आणि पाय पुढे केले.

तुम्ही आता मला नावं ठेवत असाल. जरूर ठेवा, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमचं मूल आत्ता कुठेतरी सुरक्षित, उबदार आणि शांत बसलेलं आहे. मात्र त्या सकाळी मी दुसरा स्वेटर शोधत होते, तेव्हा ज्यांच्या मनात 'अगं, पडदा उघड आधी' असं न येता 'बॅगेत वरच ठेवायला हवा होता' असं आलं, त्यांनी पुढच्या हंगामाची नोंदणी लवकर करावी. तुमचा हॉल मोजायला माणसं येतील. पडद्याच्या कड्या तेवढ्या मोजून ठेवा.