नैतिक परिणाम चौकशी समिती

नगरपालिकेच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार दाखल झाली. तक्रारदार होते निवृत्त शिक्षणाधिकारी. वाचनालयात एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, असून ती मागच्या पानापासून पुढे वाचावी लागते, आणि उलटं वाचायची सवय लागलेला वाचक उद्या उलटं वागणार नाही याची हमी कोण देणार, असा त्यांचा सवाल होता.

सात खंडांची ती मांगा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तिचा नायक डॉक्टर. कोर्टातून सुटलेले गुन्हेगार त्याच्याकडे उपचाराला येतात आणि कुणाला जगवायचं, कुणाला नाही, हे तो मनाशी ठरवतो. एका खंडात तो देवमाणूस वाटतो, पुढच्यात थंड डोक्याचा खुनी. बाईंनी ती चारदा वाचली होती आणि चारही वेळा त्यांचं मत बदललं होतं. आवडायचीही त्याचसाठी. त्यांनीच आग्रह करकरून वाचायला लावल्यामुळे आता चाळीस जण ती वाचत होते आणि पुढच्या खंडासाठी नंबर लावून होते.

नगरपालिकेने तत्परतेने नैतिक परिणाम चौकशी समिती नेमली. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष, एक वकील आणि, निःपक्षपातीपणा राहावा म्हणून, स्वतः तक्रारदार. पुस्तक तपासायचं तर ते वाचणं आलं, आणि समिती वाचत असताना इतरांना देणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड. सातही खंड फितीत बांधून समितीच्या ताब्यात गेले.

आठवड्याचं काम तीन महिने चाललं. शिक्षणाधिकाऱ्यांनी तिसऱ्या खंडाला ‘सखोल छाननीस्तव’ तीनदा मुदतवाढ घेतली. वकिलांनी सातवा खंड आधीच वाचून चहाच्या वेळी शेवट फोडला, तेव्हा त्यांच्या निषेधाचा ठराव रीतसर मंजूर झाला. दुसरा खंड अध्यक्षांच्या सासूबाईंच्या उशाखाली सापडल्यामुळे त्यांना ‘कौटुंबिक परिणामांच्या तज्ज्ञ’ म्हणून समितीवर घेणं भाग पडलं.

अखेर निष्कर्ष निघाला: हे पुस्तक हाती घेतल्यावर खाली ठेवता येत नाही, सबब ते घातक आहे.

मग वाचकांची तपासणी आली. चाळीसही जणांना आणि बाईंना एकेक छापील अर्ज मिळाला. प्रश्न एकच होता, डॉक्टरचं वागणं बरोबर वाटलं का? ‘हो’ म्हणणाऱ्यात कायदा हाती घेण्याची प्रवृत्ती, ‘नाही’ म्हणणाऱ्यात अन्यायाबद्दल बेफिकिरी, असं मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं. वाचक काही दुधखुळे नव्हते. पुस्तक चुकून हाती आलं, उघडलंच नाही, असं चाळीसही जणांनी लिहून दिलं. बाईंनी मात्र लिहिलं, ‘कधी वाटलं, कधी नाही.’ या उत्तराला चौकट नसल्यामुळे त्यांनी चौकशीला असहकार केला असं ठरलं.

जाहीर सुनावणीला सभागृह भरलं होतं.

“हे पुस्तक ज्यांनी आवडीने वाचलं त्यांनी हात वर करावा,” अध्यक्ष म्हणाले.

सगळे पंख्याकडे बघू लागले. दुसऱ्या रांगेत औषधवाले होते. पाचव्या खंडासाठी त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. त्यांच्या शेजारच्या शिक्षिकेने तर डॉक्टरवरून बाईंशी तासभर वाद घातला होता. बाईंनी दोघांकडे पाहिलं. औषधवाले चष्मा पुसू लागले. मग बाईंनी स्वतःचा हात वर केला.

“बाई, तुम्ही खाली बसा,” अध्यक्ष समजुतीने म्हणाले. “तुमच्यावर आरोप आहे. तुमचा हात मोजता येत नाही.”

“मोजू नका. पण तो वर होता, एवढं लिहा.”

इतिवृत्तात फक्त मोजलेले हात लिहितात, त्यामुळे तेही झालं नाही.

बाईंची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. पुस्तकं कायमच्या देखरेखीसाठी समितीकडेच राहिली. आता दाखल्याच्या निमित्ताने एकेक जण खिडकीशी येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच विचारतो, डॉक्टर शेवटी काय करतो हो? बाई शिक्का मारतात आणि समितीकडे चौकशी करायला सांगतात. जाता जाता प्रत्येक जण सांगून जातो की मनातून तो त्यांच्याच बाजूने होता.

इथवर वाचताना तुम्हालाही बाईंचीच बाजू पटली असेल. त्या सभागृहात ती सगळ्यांनाच पटली होती.