लकडी नो टच!

"बंदूक ओळखणं म्हणजे आंबा ओळखण्यासारखं असतं," गुणवंतने जाहीर केलं. "जाणकाराने नुसती हातात घेतली की कळते. जर्मन! शंभर टक्के जर्मन!"

शारजातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पॉइंट टू-टूची एक जुनी रायफल पहुडली होती. ज्या नवऱ्याला फ्रिजमधलं दही समोर असून सापडत नाही, त्याला हिचं गोत्र मात्र सापडलं होतं! उर्मिलाने कोथिंबीर उचलून घेतली.

दोष एन.सी.सी.चा. ऑफिसच्या पिकनिकला गुणवंतने कॉलेजातल्या नेमबाजीच्या थापा मारल्या आणि त्या अजीजसाहेबांनी, म्हणजे खुद्द मालकांनी, मनापासून ऐकल्या. आज ते रायफल घेऊन दारात हजर! बोल्ट घरीच काढून ठेवला होता, त्यामुळे ती उडणार नव्हती. सोबत परवान्याची कॉपी आणि शिक्क्याचं पत्र. कामं तीन: कंपनी ओळखायची, दुर्बीण बसवायची, पट्टा लावायचा.

"लेकिन लकडी नो टच!" साहेबांनी लाकडी दस्त्यावर हात फिरवला. "मेरा दादा का है. एक होल, एक स्क्रू, विसा खलास! शनिवार को आता हूं."

"इन्शाल्ला, सर!" गुणवंत म्हणाला. बोलायला त्याचं काय जातंय?

उर्मिला मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरायचं तिने रीतसर शिक्षण घेतलेलं. ही तर चांगली दोन हात लांब दिसत होती! तिने रायफल दोन चादरींत गुंडाळून कपाटावर चढवली, पाच वर्षांच्या आभाकडून तीन शपथा घेतल्या, आणि रस्त्यावर सायरन वाजला की शिक्क्याचं पत्र हातात घेऊन दाराशी उभी राहू लागली.

गुणवंतने खरंच काम केलं. दुर्बीण नळीवरच्या खाचेत पकडीने बसवली, पट्टा चामड्याच्या वाद्यांनी गुंडाळला. दस्त्यावर ओरखडा नाही! "याला म्हणतात हात!" असं तो दोन दिवस स्वतःलाच सांगत होता.

आणि शुक्रवारी खंडेनवमी आली.

या घरची शस्त्रं म्हणजे विळी, स्क्रूड्रायव्हर आणि कॅल्क्युलेटर. पण यंदा खरंखुरं शस्त्र घरात, आणि त्याचीच पूजा नाही? लेकुरवाळ्या घरात शस्त्राला रुसवायचं? गुणवंत आंघोळीला गेलेला पाहून उर्मिलाने रायफल खाली काढली. एक बोट हळद, एक बोट कुंकू. त्याने काय होतंय?

दस्ता चाळीस वर्षं वाळवंटात तहानलेला, त्यात जागोजाग पॉलिश उडालेलं. त्याने हळद घटाघटा प्यायली!

तिने साबण लावला, हळद लाल झाली. लिंबू पिळलं, परत पिवळी! दस्त्याचा पार सिग्नल झाला. शेवटी नेलपॉलिश रिमूव्हर. हळद जागची हलली नाही, शेजारचं, साहेबांच्या आजोबांच्या काळचं काळं पॉलिश मात्र तळहाताएवढं निघून आलं.

"उर्मिला!" टॉवेलमधला गुणवंत किंचाळला. "विसा!"

"ओरडू नकोस. लिंबू संपलंय, ते आण."

"मम्मा, देअर्स रायटिंग!" आभा खुर्चीवर चढून वाचत होती. "एम, ए, डी, ई... मेड इन इंडिया!"

उघड्या लाकडावर खरोखरच तसा ठसा होता.

"हाच का तुझा जर्मन हापूस?" उर्मिलाने विचारलं.

"आमच्या एन.सी.सी.त अशीच होती," गुणवंत पुटपुटला. "तरीच ओळखीची वाटत होती!"

पण हे सांगायचं कसं? ठसा वाचला म्हटलं की पॉलिश खरवडलं हे आलंच! उर्मिलाने मखमली ब्लाउजपीस काढला आणि तासाभरात दस्त्याला नाडीची गादी शिवली. नेम धरताना गाल टेकायला.

शनिवारी साहेब आले. दुर्बिणीतून समोरच्या बिल्डिंगमधले कपडे बघून खूश झाले. "लकडी?"

"नो टच, सर!"

"कंपनी?"

"जर्मन, सर!"

साहेबांचा चेहरा पडला. "जर्मन? दादा तो बोलता था, बंबई से लाया, लाँच में. सब लोग हंसता था." त्यांनी रायफल हळूच खाली ठेवली. "मतलब दादा झूठा था?"

गुणवंतला अचानक छतावरच्या पंख्यात रस निर्माण झाला.

"नो, अंकल! इट्स इंडिया!" म्हणत आभाने गादीची नाडी ओढलीसुद्धा!

साहेब वाकले. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे पुसले. "दादा सच्चा था!" मग बोट सरकून हळदीवर आलं. "ये क्या है?"

उर्मिलाची जीभ मात्र शाबूत होती. "शगुन, सर. हमारे यहां ये लगाते हैं, तो हथियार अपना नाम बताता है."

"माशाल्ला!" साहेब उठले. "घर में और पांच बंदूक है. किसी का नाम नहीं मिलता. यल्ला, मॅडम, कल भेजता हूं, सबका नाम निकालो!"

दार लागलं. उर्मिलाने घाईघाईने हळदीचा डबा लपवला.

"घाबरतेस काय?" गुणवंत म्हणाला. "पाचांतली एक तरी जर्मन असणारच!"